विश्लेषण : एक कोयता, दोन माणसे, चार महिन्यांचे घर… वेळापूरच्या शिवारात ऊसतोड जोडप्यांचा हिवाळा कसा जातो?

दिवाळी उरकली की पालखी मार्गावरून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या माळशिरस तालुक्याकडे येऊ लागतात. ट्रॉलीत ताडपत्री, बांबू, पत्र्याची पेटी, पाण्याचा पिंप, चार भांडी, कोंबड्या, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली माणसे. बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतून निघालेले हे संसार वेळापूर, अकलूज, माळीनगरच्या शिवारात उतरतात आणि उन्हाळा लागला की परततात. दरवर्षीचे हे हिवाळी स्थलांतर नेमके कसे चालते, त्याचे गणित काय आणि त्यात कोणाचे काय पणाला लागते, याविषयी…

वेळापूरच का?

सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा. त्यातही माळशिरस तालुका नीरा उजव्या कालव्यामुळे जुना बागायती. माळीनगरचा कारखाना १९३० च्या दशकातला. शंकरनगर-अकलूज, सदाशिवनगर आणि श्रीपूर येथील कारखानेही याच तालुक्यात. तालुक्याच्या एका बाजूला पुणे जिल्ह्यातील इंदापूर, दुसऱ्या बाजूला साताऱ्यातील फलटण आणि माण. त्यामुळे या सीमाभागात ऊस कुठल्याही कारखान्याचा असो, तोडणीच्या टोळ्या लागतातच. राज्यात ऊसतोड मजुरांची संख्या साधारण ८ ते १२ लाख असल्याचे अंदाज आहेत.

‘कोयता’ म्हणजे काय?

ऊसतोडीच्या हिशेबात कोयता हे अवजाराचे नाव नाही, ते माणसे मोजायचे एकक आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम टोळी बांधतो ती ‘इतके कोयते’ अशी. उचल, म्हणजे हंगामाआधी दिली जाणारी आगाऊ रक्कम, तीही कोयत्यावर ठरते आणि व्यवहारात ती नवऱ्याच्या हाती पडते. बाईचे काम हिशेबात असते, तिचे नाव मात्र बहुतेक वेळा कुठल्याच कागदावर नसते.

वेळापूरचे यादवकालीन मंदिर अर्धनारी नटेश्वराचे. शिव-पार्वती एकाच रूपात असलेल्या या देवाच्या गावी जोडप्यांची मोजणीही अशी एकत्रच होते. फरक इतकाच, की इथे अर्ध्या भागाचा मोबदला वेगळा दिसत नाही.

टोळ्यांचे प्रकार कोणते?

बैलगाडीवाले जोडपे कारखान्याजवळच्या तळावर राहते. ऊस तोडायचा, गाडी भरायची आणि ती कारखान्यावर रिकामी करायची, हे सगळे त्यांचेच काम. दुसरा प्रकार ‘डोकी सेंटर’चा. यात दहा-बारा कोयत्यांची टोळी फडाच्या कडेला कोप्या टाकते. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट काढून मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावरून फळीवर चढून ट्रकमध्ये भरल्या जातात. जवळचे फड संपले की कोपी मोडायची, ट्रॉलीत टाकायची आणि पुढच्या गावाला उभी करायची.

दिवस पहाटे चारला सुरू होतो. थंडीत चूल पेटवून भाकरी थापणे, पाणी आणणे हे बाईकडे. नंतर दिवसभर फडात दोघे बरोबरीने. गाडी रात्री आली तर भरणीही रात्रीच. उसाचे वाढे गावातल्या म्हशीवाल्यांना विकून जे चार पैसे येतात, त्यावर रोजचा किराणा चालतो, कारण मजुरी आधीच उचलीत गेलेली असते.

उचल फिटते का?

जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनामागे सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांवर गेला. करार तीन वर्षांचा, म्हणजे २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचा. एक जोडपे दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते. दोन टन धरले तरी दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात, म्हणजे माणशी ३६६.

समजा उचल एक लाखाची आहे. ती फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागेल, म्हणजे एकही खाडा न करता १३७ दिवस. हंगाम शंभर दिवसांत आटोपला, तर ७३,२०० रुपयेच फिटतात आणि २६,८०० रुपयांची बाकी डोक्यावर राहते. ती पुढच्या हंगामाच्या उचलीत धरली जाते. म्हणजे पाऊस कमी झाला, ऊस घटला किंवा यंत्राने तोडणी वाढली, तर नुकसान केवळ कमाईचे होत नाही; पुढचा हिवाळाही आधीच विकला जातो. दुसरीकडे उचल घेऊन मजूर आलेच नाहीत, तर फटका वाहतूकदार आणि ज्याचा ऊस वाळतो त्या शेतकऱ्याला बसतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतूनच वजा होत असल्याने, दरवाढीचा ताण अखेर त्याच्यापर्यंतही पोहोचतो.

महिलांच्या आरोग्याचा प्रश्न काय?

खाडा झाला तर मजुरी बुडते आणि वर दंड कापला जाण्याचीही भीती असते. पाळी असो, गरोदरपण असो की ताप, सुट्टी परवडत नाही. कोपीला मोरी नाही, शौचालय नाही. त्यातून होणारे जंतुसंसर्ग अंगावर काढले जातात आणि दुखणे वाढले की ‘पिशवी काढा’ हा सल्ला मिळतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. याच प्रश्नावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती आणि हा विषय विधिमंडळापर्यंत पोहोचला होता.

मुलांचे काय होते?

मूल गावी आजी-आजोबांकडे ठेवायचे की फडावर न्यायचे, हा निर्णय प्रत्येक जोडप्याला दिवाळीत घ्यावा लागतो. पूर्वी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा चालत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलांना जवळच्या नियमित शाळेत बसवण्यावर भर आला. गावी राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, तर २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत मुला-मुलींची मिळून ८२ वसतिगृहे मंजूर झाली. तरीही तान्ही मुले आणि त्यांना सांभाळणारी थोरली बहीण फडावरच येते. शाळा बहुतेक वेळा तिचीच सुटते.

कायदा आणि योजना कुठे अडतात?

१९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडचे जोडपे बेळगावला गेले तर ते त्यात बसे. वेळापूरला आले तर जिल्हा बदले, राज्य नाही. ही फट भरण्यासाठी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आले. कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि तेवढेच राज्य सरकारने द्यायचे, अशी त्याच्या निधीची रचना आहे. ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे गावचे धान्य वेळापूरच्या दुकानातही घेता येते. अंगणवाडीचा आहार आणि लसीकरण स्थलांतरातही सुरू राहावे यासाठी राज्याने नोंदणीची ऑनलाइन प्रणाली आणली. पण कोपी पंधरा दिवसांनी हलते आणि रेशन दुकान, अंगणवाडी उघडी असते त्या वेळी जोडपे फडात असते.

इतरत्र काय पद्धत आहे?

अमेरिकेत नॉर्थ डकोटा-मिनेसोटाच्या पट्ट्यात दर ऑक्टोबरला साखरेच्या बीटची काढणी असते. त्यासाठी चाकांवरची घरे, म्हणजे मोटरहोम घेऊन अनेक जोडपी येतात. काम कष्टाचे, बारा-बारा तासांच्या पाळीचे. पण वाहन उभे करायची जागा, वीज आणि पाणी या गोष्टी भरतीच्या वेळीच मालकाकडून ठरलेल्या असतात. साखर दोन्हीकडची, राहण्याची सोय मात्र एकीकडे कामाच्या अटीत आहे, दुसरीकडे मजुराच्या नशिबावर.

वेळापूरला काय करता येईल?

आषाढीत माऊलींची पालखी वेळापूरला मुक्कामी असते. त्या एका रात्रीसाठी टँकर, फिरती शौचालये, दिवे, आरोग्य पथके असे सगळे उभे राहते. म्हणजे उघड्यावर उतरलेल्या माणसांची सोय कशी करायची, हे या गावाला आणि प्रशासनाला चांगले ठाऊक आहे. ऊसतोड जोडप्यांची संख्या त्या मानाने किती तरी कमी, मुक्काम मात्र चार महिन्यांचा. तळावर पाण्याचा नळ, दोन फिरती शौचालये, आठवड्यातून एकदा संध्याकाळी येणारी परिचारिका आणि मजुरीच्या पावतीवर दोघांची नावे, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. २०२५-२६ नंतरच्या नव्या करारात दराबरोबर या मुक्कामाचीही कलमे येतात का, यावर बरेच अवलंबून आहे.