मूत्रपिंडाची नवी गोळी आणि उसाचा फड

२०२५ च्या मार्चमध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाच्या पेटंटची मुदत सरली आणि साठ रुपयांच्या आसपास मिळणारी गोळी भारतीय कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणून ठेवली. डायलिसिसवर गेलेल्या रुग्णाला आठवड्यातून तीनदा, दर खेपेस चार-चार तास यंत्राशेजारी पडून राहावे लागते आणि भूम-परंड्याकडच्या माणसाचा जाण्यायेण्यात दिवस मोडतो तो निराळाच. तेव्हा ती वेळ लांबणीवर टाकणारे औषध स्वस्त व्हावे, ही धाराशिव जिल्ह्याच्या दृष्टीने मोठीच वार्ता होय.

या औषधाचे कुळ सफरचंदाच्या झाडाच्या मुळापर्यंत जाते. त्या मुळाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन नावाचे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि ज्या अर्थी ते तापावर देत त्या सिंकोन्याच्या सालीसारखे कडू आहे त्या अर्थी तापावरही चालेल, असे भाबडे अनुमान तेव्हाच्या वैद्यांनी केले. पुढे अर्धशतकाने योसेफ फोन मेरिंग या जर्मन वैद्याला असे आढळले की, हे द्रव्य दिले असता रक्तातील साखर वाढलेली नसतानाही लघवीतून साखर वाहू लागते. मिंकोव्हस्की या सहकाऱ्याबरोबर कुत्र्याचे स्वादुपिंड काढून मधुमेहाचे मूळ दाखवणारा तो हाच मेरिंग. परंतु त्या प्रयोगाच्या कीर्तीत त्याचे हे पहिले निरीक्षण झाकून गेले आणि शतकभर ते प्रयोगशाळेतील एक नवल म्हणूनच राहिले, याचे मला फार वाईट वाटते.

मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातली साखर जवळजवळ सगळी परत शोषून घेतात. फ्लोरिझिनच्या कुळातली ही नवी औषधे नेमकी ती परतीची वाट अडवतात. साखरेबरोबर मीठही पुढे जाते, त्याची वर्दी मूत्रपिंडाला पोहोचते, आणि गाळणीकडे रक्त आणणारी सूक्ष्म वाहिनी आकसते. नळदुर्गच्या पाणीमहालात उभे राहून बोरी नदीचा पूर बंधाऱ्यावरून नेमून दिलेल्या वाटांनी कोसळताना ज्याने पाहिला असेल, त्याला दाबाचा बंदोबस्त म्हणजे काय हे निराळे सांगायला नको: रक्तदाबावरची लोसार्टनसारखी जुनी औषधे गाळणीतून बाहेर पडणारी वाट रुंद करतात, तर नवी औषधे आत येणारा लोंढाच आवरतात. त्यामुळे आरंभीच्या काही आठवड्यांत रक्तातील क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचे माप, किंचित चढू शकते. ते पाहून घाबरून, डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नये.

याच गोळीच्या एम्पा-किडनी या चाचणीत ६,६०९ रुग्ण होते आणि त्यांतील निम्म्याहून अधिकांना मधुमेह नव्हता. तिचे निष्कर्ष २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले, तेव्हा धोका २८ टक्क्यांनी घटल्याचा डंका पिटला गेला. तोच हिशेब साध्या आकड्यांत मांडला तर असा, की सुमारे दोन वर्षांत आजार बळावणे अथवा हृदयविकाराने मृत्यू येणे हे नकली गोळीच्या गटात शंभरांतील १७ जणांच्या वाट्याला आले आणि औषधाच्या गटात १३ जणांच्या. हा लाभ खरा आहे, मोलाचा आहे; पण तो आजार मंदावण्याचा लाभ आहे, बरे होण्याचा नव्हे.

आणि ज्यांच्या मूत्रपिंडांची मला अधिक काळजी वाटते ते ऊसतोड मजूर या हिशेबात फारसे येतच नाहीत. एल साल्वादोरमधील एका रुग्णालयात डायलिसिससाठी आलेल्या २०५ रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांशांच्या आजाराला ओळखीचे कारण सापडत नाही, हे रामोन गार्सिया-त्राबानिनो या डॉक्टरांनी २००२ मध्ये दाखवून दिले. कारण न सापडलेल्या या रुग्णांना मधुमेह नव्हता, त्यांतले बहुतेक पुरुष आणि पुष्कळसे शेतात राबणारे होते. पुढे मध्य अमेरिकेतील ऊसतोड्यांमध्ये हाच आजार पुनःपुन्हा दिसला आणि उष्म्यात रोजची अतिश्रमाची तोडणी व शरीर सुकणे यांवर संशय बळावला. निकाराग्वातील एका साखर कारखान्याने तोडणाऱ्यांना पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती यांची तजवीज वाढवली, तेव्हा हंगामात मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण स्पष्टपणे उतरले.

बालाघाटच्या डोंगररांगेतून, वाशी-भूम-कळंबकडून, मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांकडे या दृष्टीने पाहावे. मध्य अमेरिकेत ऊस जाळून तोडतात, आपल्याकडे बहुधा हिरवाच; आपला हंगामही पुष्कळसा थंडीत जातो; तेव्हा तिकडचे निष्कर्ष जसेच्या तसे इकडे लावणे अशास्त्रीय ठरेल. मात्र माघ-फाल्गुनातले ऊन, टनावर ठरलेली मजुरी, खाडा झाला तर होणारी कपात, आणि फडाजवळ आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच कमी पिणाऱ्या बाया, ही परिस्थिती तिकडच्याहून सौम्य म्हणता येत नाही. लघवी वाढवणारी नवी गोळी अशा सुकलेल्या शरीराला सरसकट देणेही धोक्याचे. जुलाब-उलट्यांत वा अन्नपाणी जात नसताना ती थांबवावी, असा सल्ला डॉक्टर देतातच.

ऊसतोड्यांतला हा बिघाड वेळीच ओळखण्यासाठी लागणारी तपासणी अवघड नाही. टोळी निघण्यापूर्वी प्रत्येक कोयत्यातील, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीतील, दोघांचे रक्त घेऊन क्रिएटिनीन पाहावे, गुढीपाडव्याच्या सुमारास टोळी परतली की पुन्हा पाहावे, आणि वाढ आढळल्यास तीन महिन्यांनी, आषाढात, तिसऱ्यांदा. कारण तीन महिन्यांनंतरही टिकून राहिलेला बिघाडच जुनाट आजार म्हणून गणला जातो आणि त्याआधीचा बिघाड पाण्याने व विश्रांतीने भरून येऊ शकतो.