फलाटावरची मुलं

‘घरातून पळालेला’ म्हटलं की हूड पोर डोळ्यांसमोर येतं. सिनेमात जायला मुंबई गाठणारीही असतात म्हणा. पण बहुतेकांच्या मागे घरच मोडलेलं असतं, तेही एका दिवसात नव्हे. पाऊस दगा देतो, बापाचं काम सुटतं, आजारपणात सावकाराचं देणं वाढतं. मग दारू, मारझोड. आई गेली किंवा घरात सावत्र माणूस आलं, की पोराच्या ताटातली भाकरीही मोजली जाते. शाळा सुटते, हॉटेलात कपबशा विसळणं सुरू होतं. आणलेले पैसे कमी भरले म्हणून मार बसला, की एका रात्री पोर मिळेल त्या गाडीत चढतं. गरिबी सगळ्यांनाच पळवत नाही; गरिबीत मायेचं माणूस उरलं नाही, की पळवते.

उतरायचं कुठे? कल्याण, दादर, सीएसएमटी. फलाटावर नळ असतो, छप्पर असतं, लांब पल्ल्याच्या गाडीत उरलेलं अन्न सापडतं. रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याकडे जातात. पैसे मात्र रात्री उरत नाहीत. मोठी पोरं हिसकावतात, म्हणून ते लगेच खाण्यावर उडवायचे. भूक आणि भीती मारायला रुमालावर नशेचं सोल्यूशन ओतून हुंगायचं. मुलींना तर पहिल्याच रात्रीपासून धोका असतो.

असं एकटं मूल दिसलं तर मुलांच्या मदतीचा 1098 लावा. फोन फुकट आहे, रात्रीही चालतो. सापडलेल्या मुलाला 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं.