पाचवे शील आणि व्यसनमुक्तीनंतरची वाटचाल

तथागत भगवान बुद्धांनी सांगितलेले पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेत ग्रहण करतो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी सतरावी प्रतिज्ञाही दारू न पिण्याचीच आहे. तरीही दारूने पोखरलेली घरे आपल्या वस्त्यांतून नाहीशी झालेली नाहीत. अशा घरातील माणसाला आपण "सोडून दे" म्हणतो, आणि त्याने न सोडल्यास "याला शीलच नाही" म्हणून मोकळे होतो. एवढ्याने आपले कर्तव्य संपत नाही, असे आम्हास वाटते.

दारूचे व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तसे मानले असून २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही त्याचा समावेश आहे. परंतु केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकालाच काही उपचार मिळतो.

रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू बंद करणे धोक्याचे असते. काही तासांत हातपाय थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि पुढे भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी. आपल्या शहरात घाटी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे. जेवणात चोरून औषध मिसळणे मात्र कटाक्षाने टाळावे, त्यानेही प्राण जाऊ शकतात.

शरीरातील दारू काही दिवसांत उतरते, पण मनातील ओढ वर्षानुवर्षे राहते. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्रात म्हणूनच सुमारे पाच आठवड्यांच्या निवासी उपचारानंतरही पाठपुराव्यावर भर दिला जातो. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेत व्यसनातून सुटलेली माणसेच एकमेकांना आधार देतात व "फक्त आजचा दिवस" हा संकल्प रोज करतात. तेथे शुल्क नसते.

पाचव्या शीलातील 'पमाद' या पाली शब्दाचा अर्थ बेसावधपणा असा आहे. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, जुने सोबती, घरातील भांडण, या प्रसंगी दहा वर्षे दूर राहिलेला माणूसही घसरू शकतो. तेव्हा सावधानता रोजच हवी, आणि ती एकट्याने पेलत नाही.

म्हणून सभासदांना आमचे आवाहन आहे :
(१) उपचार घेऊन परतलेल्यास विहारातील कामात सामावून घ्यावे.
(२) पुन्हा घसरलेल्यास न हिणवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.
(३) त्याच्या पत्नीची व मुलांची विचारपूस करावी.
(४) १४४४६ हा व्यसनमुक्तीचा शासकीय मदत क्रमांक विहाराच्या फलकावर लिहावा.

विद्यार्थी मित्रांनो, वडिलांच्या व्यसनाचा दोष तुमच्याकडे नाही. ते घरात लपवू नका. विश्वासू शिक्षकाला वा संस्थेच्या कार्यकर्त्याला सांगा. घसरलेल्याला हात देणारी करुणा हीही धम्माचीच शिकवण आहे.

जयभीम !