विंचू, महाड आणि ‘लॅन्सेट’ची पाच पानं

हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. कॉलेज आलं, प्राध्यापक आले, की पाठोपाठ शोधनिबंधांची मोजदादही येते. किती छापले, कुठे छापले, इतरांनी किती वेळा संदर्भ दिला? या मोजदादीत किती अर्थ आहे हे तपासायला मराठवाड्यातल्याच एका डॉक्टरचं काम हाताशी आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. नागपूरला एमबीबीएस करून १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसं तिथे यायची. कुणी मांत्रिकाकडून उतरवून घेऊन, तर कुणी थेट. पुढे छातीत घुरघुर सुरू व्हायची, तोंडाला गुलाबी फेस यायचा आणि रुग्ण हातचा जायचा. त्या काळी गंभीर रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत.

बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. दरदरून घाम, उलट्या, लाळ, गार पडलेले हातपाय, रक्तदाब. त्यातून १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या पान ५५२ ते ५५४ वर त्यांचा लेख आला. कोणत्या रुग्णाचं हृदय धोक्यात येणार, हे आधीच सांगणारी लक्षणं त्यात होती.

पुढचं पाऊल उपचाराचं होतं. विंचवाच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर भार येऊन फुफ्फुसात पाणी साचतं. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी नेमकी ही आवळ सोडवते. १९८६ मध्ये पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी हा अनुभव ‘लॅन्सेट’च्या ५१० आणि ५११ या पानांवर मांडला. गार पडलेले पाय पुन्हा ऊबदार होईपर्यंत ठरावीक वेळाने गोळी द्यायची. पाय ऊबदार झाले की नाही हे हात लावून कळतं, त्यासाठी यंत्र लागत नाही. प्राझोसिन आल्यावर मृत्यूंचं प्रमाण शेकडा एकच्याही खाली आलं.

१९९२ मध्येही ब्रिटिश नियतकालिकांत त्यांचे लेख आले. २०११ मध्ये ‘बीएमजे’त ७० रुग्णांची चाचणी छापून आली. नुसतं प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांपैकी ८ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले होते. जोडीला विंचवाची प्रतिलसही दिलेल्या ३५ पैकी ३२. आपल्याच गाजलेल्या औषधाला आणखी जोड लागते, हे त्यांनी स्वतःच्याच आकड्यांनी दाखवून दिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता संदर्भांच्या गणिताकडे वळू. एच-इंडेक्स हे निबंधांची संख्या आणि त्यांना मिळालेले संदर्भ एकत्र मोजणारं माप भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी २००५ मध्ये मांडलं, म्हणजे बावस्करांचे निर्णायक लेख येऊन गेल्यावर वीसेक वर्षांनी. कर्करोगावर जगभर हजारो लोक लिहितात, त्यामुळे तिथे एकमेकांचे संदर्भही भरपूर. विंचू चावतो तो बहुधा शेतात नाहीतर घरात वावरणाऱ्या गरीब माणसाला. त्यावर लिहिणारेच मोजके, मग संदर्भ देणार कोण? आरोग्य केंद्रातला डॉक्टर प्राझोसिन देतो, रुग्ण घरी जातो. पण तो डॉक्टर निबंध लिहीत नाही, म्हणून हा वापर कोणत्याही यादीत चढत नाही. त्यातच उपचार एकदा पाठ्यपुस्तकात गेला, की पुस्तकाचा संदर्भ दिला जातो आणि मूळ लेख मागे राहतो.

म्हणून छापण्याचं महत्त्व कमी होत नाही. बावस्करांनी लिहिलं नसतं, तर महाडचा अनुभव महाडमध्येच राहिला असता. पण छापणं वेगळं आणि छापलेल्याची बेरीज करणं वेगळं. हिंगोलीच्या नव्या कॉलेजात सेनगाव-औंढ्याहून सर्पदंशाचे, विंचूदंशाचे, कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण येणारच. त्यांच्या नोंदी कुणी नेटाने ठेवल्या, तर बढतीच्या मुलाखतीत निबंधांचा आकडा विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: तुमच्या लिखाणानंतर आरोग्य केंद्रातल्या उपचारात काय बदललं?