ट्रॅक आहे, पण चौकात त्याचं काय होतं?

पुण्यात सायकलचा विषय निघाला की गप्पा हमखास आठवणींवर जातात. तासाच्या भाड्याने मिळणारी सायकल, नळीखालून पाय घालून शिकलेले दिवस, डबलसीट जाताना पोलिसाने धरलं तो प्रसंग. मग कुणीतरी म्हणतं, ‘आता कोण चालवतं सायकल!’

पहिला गैरसमज हाच. सकाळी सातला सातारा रस्त्यावर उभं राहून बघा. हँडलला डबा अडकवून, कॅरियरवर ब्रश आणि रोलर सुतळीने बांधून निघालेला रंगारी दिसेल, रात्रपाळी संपवून घरी परतणारा वॉचमन दिसेल. 2011च्या जनगणनेनुसार देशात शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांपैकी साधारण 13 टक्के लोक सायकलने कामावर जात होते. स्कूटर-मोटारसायकलवाल्यांचं प्रमाणही जवळपास तेवढंच होतं. सायकलवरची ही माणसं रस्त्यावर होती आणि आहेत. आराखडे करताना त्यांना कुणी विचारत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

‘ट्रॅक बांधून दिले, तरी कुणी वापरत नाही,’ ही तक्रार त्याहून जास्त ऐकू येते. 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट बीआरटीबरोबर, म्हणजे बससाठी राखीव मार्गाबरोबर, सायकल ट्रॅक आले, 2017 मध्ये महापालिकेने शहरभराचा सायकल आराखडा मंजूर केला. पण शहरातल्या अशा एखाद्या ट्रॅकवरून स्वतः जाऊन पाहा. पेव्हर ब्लॉकवर चाक खडखडत राहतं. थोडं पुढे विजेचा डीपी, मग झाड, मग आडव्या लावलेल्या दुचाकी. प्रत्येक सोसायटीच्या गेटपाशी चार बोटं उंचीची कड उतरायची आणि पुन्हा चढायची. इतकं सोसून चौकात पोचावं, तर ट्रॅक तिथेच संपतो. डावीकडे वळणारी बस आणि सरळ जाणारी सायकल एकमेकांच्या वाटेत येतात तो खरा धोक्याचा क्षण, आणि नेमका त्याच जागी सायकलस्वार वाऱ्यावर. मधला पूल नसेल, तर त्या रस्त्यावरून कुणी जात नाही म्हणून आपण रस्त्याला दोष देऊ का? ट्रॅकचंही तसंच आहे. सलगपणा नसेल तर तो वापरात येत नाही.

सलगपणा आला की काय होतं, ते स्पेनमधल्या सेव्हिल शहराने दाखवलं. तिथे 2006-07च्या सुमारास जवळपास 80 किलोमीटरचे, वाहनांपासून वेगळे आणि एकमेकांना जोडलेले मार्ग एकाच झपाट्यात बांधले गेले. रोजच्या सायकलफेऱ्या काही हजारांवरून थोड्याच वर्षांत 60 हजारांच्या पुढे गेल्या. सेव्हिलचा उन्हाळा चाळिशी गाठतो, त्यामुळे ‘आपल्याकडे ऊन फार’ या सबबीलाही तिथेच उत्तर मिळतं. पावसाचं म्हणाल, तर पुण्यात वर्षाला साधारण साडेसातशे मिलिमीटर पडतो, ॲमस्टरडॅममध्ये त्याहून जास्त, आणि तोही बारा महिने विखुरलेला. चढ मात्र खरे आहेत. त्यासाठी गिअर आहेत, किंवा ई-सायकल. 250 वॉटच्या आत मोटर आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत वेग असलेल्या मान्यताप्राप्त ई-सायकलला नोंदणी लागत नाही, लायसन्सही लागत नाही.

‘हॉलंडची गोष्ट वेगळी, सायकल त्यांच्या रक्तातच आहे,’ हेही खरं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारींनी रस्ते व्यापले. 1971 मध्ये त्या छोट्याशा देशात रस्त्यांवर 3,300 च्या आसपास माणसं मेली, त्यांत 400 हून अधिक मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले, 1973चं तेलसंकट आलं आणि धोरण बदललं. आज दिसणारे मार्ग त्या भांडणातून आले आहेत.

राहिलं अंतर. हिंजवडी ते हडपसर सायकलने जा, असं कुणीच म्हणत नाही. मुंबईचे डबेवाले वर्षानुवर्षं काय करतात? स्टेशनपर्यंत सायकल, पुढे लोकल, उतरल्यावर पुन्हा सायकल. घरापासून मेट्रो स्टेशन चार किलोमीटरवर असेल, तर साध्या वेगाने पंधरा-सोळा मिनिटं लागतात. पण सायकल ठेवायची कुठे? तुमच्या जवळच्या स्टेशनवर जाऊन बघा. काँक्रीटमध्ये रोवलेली लोखंडी कमान आणि तिला सायकलची फ्रेम कुलूप लावून बांधता येईल अशी सोय आहे का? नुसती पुढचं चाक अडकवायची खाच असेल, तर चोर चाक तिथेच सोडतो आणि बाकीची सायकल घेऊन जातो.