धबधब्याखाली मोबाइल? जरा थांबा!

जूनचा दुसरा आठवडा उजाडला की ऑफिसात काम कमी आणि प्लॅन जास्त. लोणावळा? नको, भुशी डॅमवर पाण्यापेक्षा माणसं जास्त. माळशेज? अर्धा दिवस ट्रॅफिकमध्येच जाणार. मग कुणीतरी हळूच म्हणतं, ‘शिवथरघळ करू या ना यार!’ आणि शनिवारी पहाटे दोन गाड्या महाडच्या दिशेने निघतात.

जागा आहेच तशी. मुंबईकरांनी गोवा हायवेने महाड गाठायचं, मग बिरवाडीकडून आत शिरायचं. पुणेकरांना भोरवरून वरंध घाट जवळचा, पण तो पावसात अनेकदा बंद असतो. तेव्हा ताम्हिणी उतरून माणगावमार्गे या. समर्थ रामदासांनी दासबोध जिथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला ती हीच घळ, असं मानतात. मधल्या काळात जागा विस्मरणात गेली होती. धुळ्याच्या शंकरराव देवांनी ती 1930 मध्ये पुन्हा शोधून काढली. आत मूर्ती आहेत, शांतता आहे आणि शेजारी कोसळणारा धबधबा! पायऱ्या चढून त्याच्यासमोर आलं की अंगावर तुषार येतात आणि प्रत्येक हात आपोआप खिशाकडे जातो. मोबाइल!

‘अरे, माझा वॉटरप्रूफ आहे,’ हे वाक्य तिथे दर दहा मिनिटांनी ऐकू येतं. माझं म्हणणं एवढंच, की बॉक्सवर काय छापलंय ते एकदा नीट वाचा. तिथे ‘आयपी 67’ किंवा ‘आयपी 68’ असं काहीतरी असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याच्या 7 चा अर्थ असा, की वस्तू एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवली तर चालेल. 8 म्हणजे त्याहून जास्त, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनी ठरवते. दोन्ही चाचण्या स्थिर, गोड्या पाण्यातल्या आणि कोऱ्या करकरीत पिसवर केलेल्या.

आता खरी गंमत. 7 मिळाला म्हणजे 5 आणि 6 आपोआप मिळाले असं नसतं! ते दोन आकडे जोराच्या फवाऱ्याचे. 6 च्या चाचणीत मिनिटाला 100 लिटर पाणी नळीने मारतात. म्हणजे ऑफिसच्या कूलरवरचे वीस लिटरचे पाच जार एका मिनिटात रिकामे. बादलीत बुडून जिवंत राहिलेला फोन या माऱ्यापुढे टिकेलच असं नाही. आणि शिवथरचा धबधबा म्हणजे काही बादली नाही, बॉस! उंचावरून पडणारं पाणी जिथून जागा मिळेल तिथून घुसतं. त्यात फोन दोन वर्षं वापरलेला, तीनदा पडलेला, एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात स्क्रीन बदललेला... आतलं सील कुठल्या अवस्थेत आहे ते देवच जाणे.

हे फक्त आपल्याकडचं रडगाणं नाही. ऑस्ट्रेलियात सॅमसंगने स्विमिंग पूल आणि समुद्रात फोन वापरता येतो अशा जाहिराती केल्या होत्या. तिथल्या ग्राहक आयोगाने 2019 मध्ये कोर्टात खेचलं आणि 2022 मध्ये कंपनीला 1 कोटी 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. कारण? ओल्या पोर्टमध्ये चार्जर लावला की पोर्ट गंजण्याची शक्यता होती.

गंमत जंमत सोडा, एक गंभीर गोष्ट सांगते. मागच्या जुलैत आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण धबधब्याजवळच्या शेवाळलेल्या दगडावरून घसरली. घोटा बघता बघता टम्म सुजला, तिला उभंही राहता येईना. आम्ही पाच जण, पाच फोन. एक बंद पडलेला (बॉक्सवर ‘68’ होतं, कंपनीचं नाव सांगत नाही). दोघांना रेंज नाही. चौथा चालू, पण ओला स्क्रीन बोट ओळखेचना. टचस्क्रीन बोटाची वीज ओळखतो आणि पाण्याचे थेंबही तसेच वाटतात, म्हणून तो वेड्यासारखा स्वतःच बटणं दाबत सुटतो. पाचवा माझा, किराणा सामानाच्या झिपलॉक पिशवीत. पायऱ्या उतरून रेंज मिळाल्यावर त्यावरून गाडीवाल्या मित्राला फोन लागला. फ्रॅक्चर निघालं. ‘68’वाल्याला सर्व्हिस सेंटरने सांगितलं, पाण्याचं नुकसान वॉरंटीत येत नाही. बहुतेक कंपन्यांचं हेच असतं, हेही बारीक अक्षरात असतं.

या भागात फोनची गरज सेल्फीपुरती नसते हे विसरू नका. 22 जुलै 2021 ला महाड शहर पुरात बुडालं आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून 80 हून अधिक माणसं गेली. जोरदार पावसाचा इशारा असेल तर प्लॅन सरळ रद्द!

तर, फोन भिजलाच तर? आधी स्विच ऑफ. वीज चालू असताना पाण्यातल्या क्षारांमुळे सर्किटवरचं तांबं विरघळतं, दुसरीकडे जाऊन साचतं आणि शॉर्ट होतं. म्हणजे मारतं ते पाणी आणि बॅटरी मिळून. चार्जर लावायचा नाही, हेअर ड्रायर मारायचा नाही. आणि आजीचा तांदळाचा डबा? अॅपलनेच 2024 मध्ये सांगितलं, की फोन तांदळात ठेवू नका, कण पोर्टमध्ये जातात. पोर्ट खाली करून हलकेच टिचक्या मारा आणि हवेशीर जागी ठेवा, बस्स.

हाच न्याय इतर खेळण्यांनाही. परदेशातून चुलतभावाने आणलेली एअरसॉफ्ट गन हा सध्या आमच्या ऑफिसातला चर्चेचा विषय आहे. टोक्यो मारुई या जपानी कंपनीने 1991 मध्ये पहिली विजेवर चालणारी बाजारात आणली. आत बॅटरी, स्विच, मोटर आणि गिअर, एवढंच. असली साधी गन भिजली तरी उघडून, पुसून, ग्रीस लावून बरेचदा परत सुरू होते. नव्या गनमध्ये मोटर सांभाळायला इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो आणि मग तिचं दुखणं फोनसारखंच. जुनी सेलची टॉर्च आणि आजची चार्जिंगची टॉर्च यांच्यातही हाच फरक. म्हणून माझ्या सॅकमध्ये अजूनही दोन सेलवाली टॉर्च असते, हसा खुशाल!

कॅमेरावाल्यांनो, एसी गाडीतून उतरल्या उतरल्या बॅग उघडू नका. थंड लेन्सवर दमट हवेचं पाणी धरतं. पंधरा-वीस मिनिटं बंद पिशवीत बाहेरच्या हवेला सवय होऊ द्या. घरी आल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, नाहीतर कोकणातली बुरशी लेन्सवर नक्षी काढते.

निघण्याआधी घरी दोन मिनिटं काढा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पॉवर बटण किती वेळा दाबलं की 112 ला कॉल जातो ते बघून ठेवा, म्हणजे ओला स्क्रीन रुसला तरी काम होईल. ग्रुपमधला एक फोन पूर्ण चार्ज करून, बंद करून, झिपलॉकमध्ये, आणि ती पिशवी सॅकच्या तळाला. कोणाचा तो गाडीतच ठरवा. ज्याला सेल्फी काढायचा मोह आवरत नाही त्याचा नको!