हळदीचे द्रव्य आणि नॅनोकण

हळदीला पिवळा रंग देणारे द्रव्य म्हणजे कुरकुमिन. दाह कमी करण्याचा गुण त्यात आढळला आहे. मात्र ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तोंडावाटे घेतलेले औषध आतड्यातील द्रवात विरघळले, तरच ते रक्तात शोषले जाते. त्यामुळे पोटात गेलेले बहुतेक कुरकुमिन तसेच शरीराबाहेर पडते. जे थोडे शोषले जाते, त्याचेही आतड्यात व यकृतात लवकर रूपांतर होते.

काळ्या मिरीतील पिपरीन हे रूपांतर मंदावते. त्यामुळे माणसाच्या रक्तात कुरकुमिन सुमारे २० पट अधिक पोहोचते, असे १९९८ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांना आढळले. पोलादनगरी भिलाईतील रुंगटा औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशा शोषणवर्धक वनस्पतिद्रव्यांचा आढावा प्रसिद्ध केला.

दुसरा मार्ग नॅनोकणांचा. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, कारण तिचा अधिक पृष्ठभाग पाण्याला भिडतो. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच १०० नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस मीटर होते. हे कण पुन्हा एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना पातळ आवरण देतात.

परंतु शोषण वाढले म्हणजे रोग बरा झाला, असे नव्हे. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या अनेकांना यकृतदाह झाल्याची नोंद झाली. स्वयंपाकातील चिमूटभर हळद वेगळी आणि अशा गोळ्या वेगळ्या. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.